एक वर्ष धूळपाटीवर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी पोटभर खाऊन झाल्यावर कायदा आणि हिशोब या विषयावर बोलायला उभं राहणं हे धाडसाचंच काम आहे. पण संयोजकांनी मला जो प्रश्न दिलाय तो असा: आपल्या ग्रुपची रीतसर संस्था करावी का? संध्याकाळच्या बैठकीत त्यावर निर्णय व्हायचा आहे. मी पुण्यात बरीच वर्षं लहान लहान संस्थांचे हिशोब लिहीत आलो, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना डुलकी घ्यायची आहे त्यांनी निर्धास्त घ्यावी. संस्था करावी, पण आज नाही. एक वर्ष संस्था असल्यासारखं वागून पाहावं, आणि ते जमलं तर पुढच्या मेळाव्यात नोंदणीचा ठराव करावा. असं का म्हणतो, ते आता सांगतो.

आधी आपल्याकडे आहे काय, ते पाहू. २०१५ साली पाचोऱ्यातल्या चार-पाच जणांनी आपल्या तुकडीचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. पहिली दोन वर्षं माणसं शोधण्यातच गेली. मुलं लवकर सापडली, कारण त्यांची आडनावं बदललेली नव्हती. मुली शोधायला वेळ लागला. एकीचं माहेरचं घर विकलं गेलेलं, दुसरीच्या भावाचा नंबर बंद, तिसरीच्या घरात फोन एकच आणि तो यजमानांच्या खिशात. शेंदुर्णी, पहूर, वरखेडीकडून पीजेने शाळेत येणाऱ्यांचा पत्ता काढायला तर आपली माणसं मोटारसायकलवर त्या त्या गावी जाऊन आली. ती छोटी गाडी आता धावत नाही, पण तिच्यातून येणारी मंडळी आज इथे तिसऱ्या रांगेत बसली आहेत.

पुढची काही वर्षं ग्रुपवर काय चालायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी फुलं, दुपारी वाढदिवस, रात्री राजकारण. निवडणूक आली की दोघं-तिघं ग्रुप सोडून जायचे आणि निकाल लागला की त्यांना मनवून परत आणावं लागायचं.

मग २०२० साल आलं. शाळा बंद झाल्या. आपल्यापैकी कोणाचा पुतण्या दहावीत, कोणाची भाची नववीत. गणितं अडायला लागली. जळगावला बँकेत असलेल्या आपल्या मैत्रिणीने ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या: शनिवारी संध्याकाळी सात वाजता मी तासभर व्हिडिओवर बसते, ज्याला काही अडलं असेल त्याने यावं. पहिल्या शनिवारी सहा मुलं आली. त्यातला एक शेजाऱ्याच्या ओट्यावर, शेजाऱ्याच्याच फोनवर बसला होता. टाळेबंदी उठली, पण शनिवार काही उठला नाही. आज गणिताला ती आहे, विज्ञानाला नाशिकचा आपला इंजिनिअर मित्र आहे, इंग्रजीला अमेरिकेतली मैत्रीण तिथल्या सकाळी चहाचा कप घेऊन बसते, आणि दहावीनंतर काय करायचं हे सांगायला सरकारी रुग्णालयात परिचारिका असलेली आपली मैत्रीण येते. शाळेतले सर आणि मॅडम कोणता धडा मागे राहिलाय ते कळवतात. आता इतर तुकड्यांनाही यात यायचं आहे.

म्हणजे गप्पांचा ग्रुप होता, त्यात आपण दोन गोष्टी आणल्या. एक, लोकांची मुलं. दुसरी, लोकांचे पैसे. या दोन्ही गोष्टी आल्या की नुसत्या मैत्रीवर भागत नाही. आणि काम वाढत चाललंय, तरी ते करणारी माणसं तीच चार आहेत. खरं सांगायचं तर सल्ला पुण्या-मुंबईहून येतो आणि पायपीट पाचोऱ्यात होते. मी स्वतः सल्ला देणाऱ्यांतलाच आहे, हे आज भाषण करतोय त्यावरून दिसतंच आहे.

अशा हौसेच्या कामाचं पुढे काय होतं, हे समजायला फार लांब जायला नको. धुळ्याला जाऊ.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे हे नाव सरांनी इतिहासाच्या तासाला आपल्याला सांगितलेलं आहे. गावोगाव पायी फिरून, वाड्यांतल्या माळ्यांवर पडलेली दप्तरं गोळा करणारा माणूस. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड त्यांनी काढले. १९१० साली पुण्यात खंडेराव मेहेंदळे यांच्यासह त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. पुढे सहकाऱ्यांशी मतभेद झाले आणि राजवाडे धुळ्याला आले. मंडळाचा संस्थापकच निघून गेला, तरी मंडळ चालू राहिलं. ते आजही पुण्यात चालू आहे.

आता याची दुसरी बाजू पाहा. ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाडे धुळ्यात वारले. त्यांच्यापाशी होती ती कागदपत्रं, टिपणं, हस्तलिखितं.  धुळ्याच्या लोकांनी दुखवट्याची सभा घेऊन हात झटकले असते, तर ते कागद वाळवीने खाल्ले असते किंवा रद्दीत गेले असते. पण जानेवारी १९२७ मध्येच त्यांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. एका माणसाने आयुष्यभर एकट्याने केलेलं काम आज आपल्याला पाहायला मिळतं, ते गावातल्या लोकांनी त्याची जबाबदारी आपसात वाटून घेतली म्हणून.

अमळनेरचं उदाहरण तर आणखी जवळचं. प्रताप हायस्कूलचे साने गुरुजी. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं आणि ११ जून १९५० रोजी ते गेले. म्हणजे पुरती दोन वर्षंही त्यांना मिळाली नाहीत. पण 'साधना' आज पंचाहत्तरी ओलांडून चालू आहे. गुरुजींसारखा दुसरा माणूस मिळाला म्हणून नव्हे. तसा दुसरा मिळत नसतो. पण आचार्य जावडेकर, रावसाहेब पटवर्धन, यदुनाथ थत्ते अशी माणसं एकामागून एक खुर्चीवर बसत गेली, आणि मागे विश्वस्त संस्था होती.

या दोन्ही गोष्टींतून मला एकच अर्थ लागतो. आपण समजतो की संस्था म्हणजे माणसांना बांधून ठेवणारी गोष्ट. माझा अनुभव उलटा आहे. संस्था म्हणजे माणसाला सोडून जाता यावं अशी सोय. कोणी आजारी पडलं, कोणाची बदली झाली, कोणाचं मन उडालं, तरी काम थांबू नये आणि त्या माणसाला अपराधी वाटू नये, अशी व्यवस्था. आज आपल्याकडे ती नाही. जळगावच्या मैत्रिणीची पुढच्या महिन्यात नांदेडला बदली झाली, तर व्हिडिओच्या खात्याचा पासवर्ड कोणाकडे आहे? मुलांची यादी कोणाकडे आहे? मी काल रात्री विचारून पाहिलं. दोन्ही गोष्टी फक्त तिच्याकडे आहेत.

आता आपल्यासारखंच ऑनलाइन काम करणाऱ्यांकडे पाहू. आपली मुलं प्रकल्पासाठी विकिपीडिया उघडतात. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ला सुरू झाला आणि मराठी १ मे २००३ला, महाराष्ट्र दिनी. तिथे लेख लिहिणाऱ्यांना, चुका दुरुस्त करणाऱ्यांना एक पैसा मिळत नाही. शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त माणसं आपापल्या घरी बसून लिहितात. त्यांच्या कारभारात आपल्याला घेण्यासारख्या तीन गोष्टी आहेत.

पहिली अशी की, तिथे झालेला प्रत्येक बदल दिसतो. कोणी, कधी, काय बदललं ते 'इतिहास' या कळीखाली नोंदलेलं असतं. त्यामुळे संशय घ्यायची वेळच येत नाही, आधी पाहायचं आणि मग बोलायचं. दुसरी, तिथल्या व्यवस्थापकांना प्रचालक म्हणतात. पान पुसणं, कुलूप लावणं असे जादा अधिकार त्यांच्याकडे असतात, पण ते इतर सदस्यांनी दिलेले असतात आणि काढूनही घेता येतात. वाद झाला तर त्याची चर्चा उघडपणे होते. मराठी विकिपीडियावर त्या जागेचं नावच मुळी 'चावडी' आहे. तिसरी, नव्या माणसाने आधी सराव करावा म्हणून एक रिकामं पान ठेवलेलं आहे, त्याला म्हणतात 'धूळपाटी'. आपल्या आजोबांच्या काळी पोरं पाटीवर धूळ पसरून अक्षरं गिरवायची, चुकलं की हात फिरवून पुसायची, तीच ही धूळपाटी. तिच्यावर कितीही चुका केल्या तरी बिघडत नाही.

आणखी एक गोष्ट तिथे घडली, ती आपल्या प्रश्नाला थेट लागू पडते. सुरुवातीला विकिपीडिया एका खाजगी कंपनीच्या आधाराने चालत होता. २००२च्या सुरुवातीला त्यावर जाहिराती येणार अशी चर्चा निघाली. स्पॅनिश भाषेत लिहिणारे बरेच स्वयंसेवक म्हणाले, आम्ही फुकट राबायचं आणि त्यावर दुसऱ्याने कमवायचं, हे चालणार नाही. ते आपलं लिखाण घेऊन वेगळे झाले आणि त्यांनी स्वतःचा निराळा ज्ञानकोश काढला. २० जून २००३ रोजी विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली. ती आजही मुख्यतः लोकांच्या लहान लहान देणग्यांवर चालते आणि लेखांवर जाहिरात नसते.

इथे तारखांकडे लक्ष द्या. काम २००१ला सुरू झालं, संस्था २००३ला आली. आधी अडीच वर्षं काम झालं, माणसं जुळली, भांडणंसुद्धा झाली. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं. आधी मंडळ, मग अध्यक्ष, मग लेटरहेड, मग रबरी शिक्का, आणि काम काय करायचं हे पहिल्या सभेत ठरवू.

आता पैशाकडे येतो. हा विषय नाजूक आहे, पण आज नाही बोललो तर पुढे नात्यात गाठ पडेल. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आपला एक मित्र अत्यवस्थ झाला. चार तासांत ग्रुपवर पैसे जमले. ते एकाच्या खात्यात गेले, कारण दुसरा मार्ग नव्हता. बिल भरलं गेलं, मित्र वाचला आणि तो आज आपल्यात जेवायला होता. थोडी रक्कम उरली. महिन्याभराने एकाने ग्रुपवर विचारलं, हिशोब कुठे आहे? ज्याने रात्री-अपरात्री पदरचं पेट्रोल जाळून धावपळ केली होती, त्याला ते फार लागलं. दोघं वर्षभर बोलत नव्हते. गंमत अशी की हिशोब तयार होता. वहीत पै-पैची नोंद होती. पण ती वही दाखवायची कधी आणि कोणाला, हे ठरलेलंच नव्हतं. विचारणारा चुकीचा नव्हता आणि राबणाराही अप्रामाणिक नव्हता. रीत नव्हती म्हणून दोन भल्या माणसांत अंतर पडलं.

शिवाय एकाच्या खात्यात सगळ्यांचे पैसे ठेवणं त्या माणसासाठीच धोक्याचं असतं. कर खात्याच्या दृष्टीने ते त्याचे पैसे दिसतात. उद्या त्याचं काही बरंवाईट झालं, तर बँक त्याच्या वारसांकडे पाहणार. त्याची बायको-मुलं दुःखात असताना ग्रुपने जाऊन म्हणायचं का, की वहिनी, त्यातले अमुक इतके आमचे आहेत?

म्हणून नोंदणी हवी. ती कशी होते, ते थोडक्यात सांगतो. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. महाराष्ट्रात हे काम धर्मादाय कार्यालयात होतं, आपल्यासाठी ते जळगावला आहे. त्याच संस्थेची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याखालीही नोंद करावी लागते. उद्देशांचं ज्ञापन आणि नियमावली म्हणजेच घटना लिहावी लागते. मग संस्थेच्या नावाचं पॅनकार्ड, संस्थेच्या नावाचं बँक खातं, दोन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत असा ठराव. इथपर्यंत सगळं सोपं आहे. चार चकरा आणि थोडा संयम एवढाच खर्च.

अवघड भाग नंतरचा आहे. दर वर्षी ३१ मार्चला हिशोब बंद करायचा, तपासून घ्यायचा आणि तो दाखल करायचा. कार्यकारिणीत बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज द्यायचा. हा बदल अर्ज म्हणजे लहान संस्थांचं मोठं दुखणं आहे. मी अशा संस्था पाहिल्या आहेत की शेड्यूल एकचा उतारा काढला तर त्यावरचे सातपैकी पाच विश्वस्त स्वर्गवासी. कामं तिसरीच माणसं करताहेत, आणि कागदावर त्यांचं नावच नाही. मग खात्यावरची सही बदलायची म्हटली की मयताचे दाखले गोळा करत वारसांच्या घरी फिरायचं. हौसेने काढलेली संस्था अशी कागदाखाली दबते. वर्षातून दोन दिवस नेटाने कागद करणारा एक माणूस नसेल, तर नोंदणी न केलेली बरी.

ना-नफा या शब्दाबद्दलही गैरसमज असतो. ना-नफा म्हणजे वर्षाखेरीला शिल्लक राहू नये असं नाही. शिल्लक राहावी, त्याशिवाय पुढचं वर्ष कसं जाणार? फक्त ती शिल्लक सभासदांनी वाटून घ्यायची नसते. संस्था बंद केली तरी उरलेले पैसे सभासदांना मिळत नाहीत, ते तशाच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेकडे जातात. एकदा दिलेला रुपया परत आपला होत नाही, हे देतानाच मनाशी पक्कं करायला हवं.

देणगीवर करसवलत मिळेल का, असं पुष्कळांनी विचारलं. संस्थेने आयकर खात्याकडून त्यासाठीची मान्यता घेतली तर मिळू शकते. पण दोन हजार रुपयांच्या वरची रोख देणगी त्यात धरली जात नाही, आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतली आहे त्यांना ही सवलत नाही. तेव्हा सवलतीसाठी संस्था काढायचा उत्साह जरा आवरता घ्यावा.

परदेशातल्या मित्रांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. दुबईत किंवा मस्कतला असलेला मित्र भारतीय पासपोर्टवर असेल, तर त्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. पण ज्यांनी अमेरिकेचं किंवा दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं आहे, त्यांची देणगी परकीय ठरते, हातात ओसीआय कार्ड असलं तरी. ती घ्यायला परकीय योगदानाच्या २०१०च्या कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. त्यासाठी साधारणपणे संस्थेला तीन वर्षं झालेली असावी लागतात आणि त्या काळात कामावर पंधरा लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. आपल्याला हे नजीकच्या काळात जमणारं नाही. 'माझ्या भावाच्या खात्यातून पाठवते' असली पळवाटही नको. अमेरिकेतल्या आपल्या मैत्रिणीला मी हेच सांगितलं की, तू पैसे देऊ नको, शनिवारची सकाळ देतेस तेच पुष्कळ आहे. वेळ द्यायला अजून कोणत्या कायद्याची परवानगी लागत नाही.

पैशापेक्षाही मोठी जबाबदारी मुलांची आहे. आपल्यापैकी प्रत्येक जण चांगलाच आहे, असं धरूनसुद्धा नियम हवेत, कारण उद्या येणाऱ्या तुकड्यांतल्या सगळ्यांना आपण ओळखणार नाही. माझ्या मते नियम चारच असावेत. व्हिडिओवर नेहमी दोन मोठी माणसं हजर हवीत, एकट्याने वर्ग घ्यायचा नाही. कोणत्याही मुलाला किंवा मुलीला खाजगी मेसेज करायचा नाही, जे सांगायचं ते सगळ्यांसमोर किंवा पालकांच्या फोनवर. मुलांचे फोटो आणि नंबर ग्रुपवर टाकायचे नाहीत. आणि प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी संमती शाळेमार्फत घ्यायची. २०२३च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती सांगितली आहे. कायदा नसता तरी आपल्या घरच्या मुलीसाठी आपण हेच मागितलं असतं.

ग्रुपच्या ॲडमिननाही एक दिलासा देतो. कोणीतरी भलतंच काही टाकलं तर पोलीस मला धरतील का, अशी त्यांना भीती वाटते. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका प्रकरणात म्हटलं की, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला केवळ तो ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येणार नाही, त्याचा त्यात सहभाग किंवा संगनमत दिसायला हवं. तेव्हा झोप उडवून घेऊ नका. पण आलेला घाणेरडा मजकूर काढायला आळसही करू नका.

आता काम कोणी करायचं, हा शेवटचा प्रश्न. आपल्या वर्गात फळा पुसायची पाळी हजेरीच्या क्रमांकाने यायची. पहिला नंबर असो की नापास झालेला असो, व्यापाऱ्याचा मुलगा असो की हमालाचा, त्या दिवशी डस्टर त्याच्याच हातात. बाईंनी तेव्हा आम्हाला लोकशाही शिकवली ती नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून नाही, त्या डस्टरमधून. आज आपल्या ग्रुपमध्ये फळा चार जणच पुसतात. बाकीचे अंगठा दाखवून शाबासकी देतात. शाबासकीने माणसाची उमेद वाढते हे खरं, पण त्याचा शनिवार मोकळा होत नाही.

म्हणून येत्या वर्षासाठी माझी सूचना अशी आहे. सात जणांची हंगामी समिती करावी, त्यात निदान तीन मैत्रिणी असाव्यात, आणि पाचोऱ्याबाहेरच्यांनीही त्यात नाव द्यावं. वर्ग, हिशोब, यादी, शाळेशी संपर्क अशी कामं वेगळी करावीत आणि प्रत्येक कामाला दोन माणसं असावीत, एक करणारा आणि एक शिकणारा. सहा महिन्यांनी शिकणाऱ्याने काम हाती घ्यावं. पासवर्ड आणि यादी कायम दोघांकडे असावी. पैसे तूर्त गोळाच करू नयेत. वह्या-पुस्तकांचा खर्च असेल तर ज्याला द्यायचे त्याने थेट दुकानदाराला द्यावेत आणि पावती ग्रुपवर टाकावी. दर महिन्याच्या पाच तारखेला अर्ध्या पानाचा अहवाल यावा: किती शनिवार झाले, किती मुलं आली, किती खर्च झाला. काही झालं नसेल तर 'काही झालं नाही' असा अहवाल यावा. आणि ज्याला थांबायचं आहे त्याने एक महिना आधी सांगावं. कोणीही त्याला कारण विचारू नये, उलट पुढच्या सभेत त्याचे आभार मानावेत.

हे वर्ष आपली धूळपाटी समजू. चुकलं तर हात फिरवून पुसता येईल. बारा अहवाल वेळेवर आले आणि निदान दोन कामं एका हातातून दुसऱ्या हातात भांडण न होता गेली, तर समजावं की आपली संस्था तयार झाली आहे, आता फक्त जळगावला जाऊन तिची नोंद करायची. आणि अहवाल चौथ्या महिन्यातच बंद पडले, तर वाईट वाटून घेऊ नये. आपला गप्पांचा ग्रुप राहील, वाढदिवस राहतील, शनिवारही जमेल तसा राहील. फक्त शिक्का आणि लेटरहेड नसेल, त्याने मुलांचं काही अडणार नाही.

सरांनी आणि बाईंनी मघाशी विचारलं की आम्ही यात काय करू. आपण एकच करावं. महिन्याचा अहवाल आपल्याला पाठवू, तो लाल शाईने तपासावा. आपल्या लाल शाईची भीती आम्हाला अजून वाटते, आणि ती वाटत राहिली तर हिशोब चोख राहील.

संध्याकाळच्या बैठकीला सगळ्यांनी थांबावं. हात वर करून पाठिंबा देणारे पुष्कळ असतील. मला कागदावर नाव आणि त्यापुढे कामाचं नाव लिहिणारे चौदा जण हवे आहेत. कागद दारापाशी टेबलावर ठेवला आहे, पेनही बांधून ठेवलं आहे.